१० ग्रॅमला जमलेला कॅटॅलिस्ट ३ किलोला बिघडला. कुठे चुकलं असेल?

हिरवी_शाई | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, आठवडाभर डोकं खाजवून झालं, आता तुमचं खाते.

कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) असा: गॅमा ॲल्युमिनावर, म्हणजे सच्छिद्र ॲल्युमिनियम ऑक्साइडवर, १० टक्के निकेल, कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करायला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ साबातिये यांच्या काळापासून, म्हणजे १९०२ पासून ठाऊक असलेली अभिक्रिया, त्यामुळे नवं काही शोधतेय असा आव नाही. आधार म्हणून १.६ मिमी जाडीच्या एक्स्ट्रूडेट (साच्यातून दाबून काढलेल्या) दांड्या. पाण्याने मोजलेलं छिद्रांचं आकारमान ग्रॅमला ०.६ मिली. तेवढ्याच आकारमानाचं निकेल नायट्रेटचं द्रावण दांड्यांना पाजायचं, ११० अंशांना रात्रभर सुकवायचं, ४५० अंशांना हवेत ४ तास भाजायचं आणि रिॲक्टरमध्ये हायड्रोजनने क्षपण करायचं, म्हणजे ऑक्साइडचा धातू करायचा. झालं.

१० ग्रॅमची बॅच पाच वेळा केली, पाचही वेळा उत्तम. मग पायलटसाठी (छोट्या चाचणी कारखान्यासाठी) ३ किलो केली. तेच नायट्रेट, तोच ॲल्युमिना, भट्टीचा प्रोग्रॅमही तोच. सक्रियता जेमतेम ४० टक्के भरली. एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या चाचणीत) निकेल ऑक्साइडची शिखरं सुईसारखी टोकदार आली, म्हणजे स्फटिक मोठे. छोट्या बॅचमध्ये स्फटिक ७-८ नॅनोमीटरचे होते, इथे सरासरी १९.

चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे बीईटी सरफेस एरिया (नायट्रोजन शोषवून मोजलेला पृष्ठभाग) दोन्हीचा जवळपास सारखाच. मग बिघडलं काय?

अर्धवट_संशोधक | सोमवार, रात्री १०:१५

बीईटी सारखा येणारच. १९३८ पासून आपण ती पद्धत वापरतोय, पण नायट्रोजनला निकेल आणि ॲल्युमिना यातला फरक कळत नाही. ७७ केल्विनला त्याचा रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो आणि मिळेल तिथे बसतो. तुमच्या ग्रॅममागच्या दोनेकशे चौरस मीटरांत निकेलचा वाटा किरकोळ. तो आणखी घटला तरी एकूण आकड्याला पत्ता लागत नाही. हायड्रोजन केमिसॉर्प्शन करा (हायड्रोजन निकेललाच चिकटतो, तो किती चिकटला ते मोजायचं), म्हणजे निकेलचा पृष्ठभाग कळेल.

तोपर्यंत अंदाजाचा हिशोब: क्षपण होताना निकेल ऑक्साइडच्या कणाचा व्यास १६ टक्क्यांच्या आसपास आकसतो, म्हणजे ८ चा ६.७ होतो आणि १९ चा १६. पृष्ठभागावरच्या अणूंची टक्केवारी साधारण ९७ भागिले व्यास. पहिल्यात साडेचौदा टक्के अणू कामावर, दुसऱ्यात सहा. सहा भागिले साडेचौदा म्हणजे सुमारे ४१ टक्के. तुमच्या ४० टक्क्यांचं कोडं इथेच सुटलं. निकेल तेवढंच आहे, पण बहुतेक जण आत बसून आहेत.

आता खरा प्रश्न, स्फटिक वाढले कुठे? सुकताना की भाजताना? की द्रावण पाजतानाच?

पीएच_सात | सोमवार, रात्री ११:०२

मला पहिला संशय पाजण्यावर. दोन प्रश्न.

एक, द्रावण कसं केलं? १०० ग्रॅम ॲल्युमिनाला ११.१ ग्रॅम निकेल, म्हणजे निकेल नायट्रेटचं हेक्झाहायड्रेट ५५ ग्रॅम. हे ५५ ग्रॅम ६० मिली पाण्यात विरघळवलंत तर द्रावण ६० मिली राहत नाही, बरंच जास्त होतं. मिठाचं स्वतःचं आकारमान असतं आणि त्यात सहा रेणू पाणीही असतं. आधी कमी पाण्यात विरघळवून मग खुणेपर्यंत ६० मिली करायचं. नव्या मुलांतले निम्मे तरी इथे घसरतात.

दोन, ॲल्युमिना कोरडा होता का? पोतं उघडं राहिलं असेल तर तो हवेतलं पाणी भरपूर पितो. छिद्रं आधीच अर्धवट भरलेली असली की वरचं द्रावण दांडीच्या अंगावर राहतं आणि सुकल्यावर तिथेच मोठे स्फटिक होतात.

हिरवी_शाई | मंगळवार, सकाळी ८:२०

@पीएच_सात, पहिल्या चुकीची मी जुनी गिऱ्हाईक आहे, आता होत नाही. ॲल्युमिना १२० अंशांना सुकवून घेतला होता. शिवाय मोठ्या बॅचच्या दांड्यांवर पाण्याची चाचणी पुन्हा केली. थेंब थेंब पाणी टाकत काचेचा डबा फिरवायचा. आधी दांड्या कोरड्या खडखडतात. मग आवाज बोदा होतो. मग एका थेंबाला दोन दांड्या एकमेकींना धरून बसतात आणि डब्याच्या काचेवर ओल दिसते. तो शेवटचा थेंब. आकडा ०.५९ आला. म्हणजे पाजणं बरोबर.

पाजलं फिरत्या ड्रममध्ये, वरून फवारून, २० मिनिटं. नंतर सगळ्या दांड्या सारख्या हिरव्या होत्या, कोरडी पांढरी एकही सापडली नाही.

आणि हो, सक्रियता मोजताना दोन्ही नमुने कुटून १५० ते २५० मायक्रॉनच्या चाळणीतले घेतले होते. तेव्हा 'दांडीत वायू शिरत नसेल' असं कुणी म्हणणार असेल तर ते कारण नाही.

फुकटसल्ला | मंगळवार, सकाळी ९:०५

बॅच जुळवताना चंद्र कुठल्या राशीत होता?

(वाचतोय. खुणेला जागा धरून ठेवतो.)

जुनाखोड | मंगळवार, दुपारी १:३०

ताई, तुम्ही सगळं सांगितलंत, ट्रे सांगितला नाहीत. ३ किलो भाजलंत कशात? थराची जाडी किती होती? भट्टीत हवा फिरत होती की नुसतं दार बंद?

हिरवी_शाई | मंगळवार, दुपारी १:५२

बॉक्स फर्नेस. स्टीलचे दोन खोल ट्रे, थर साधारण ६ सेमी. मागे धुराडं आहे पण हवा ढकलणारा पंखा नाही. १० ग्रॅमची बॅच पोर्सिलेनच्या बशीत व्हायची, एका दांडीवर जेमतेम दुसरी दांडी.

सुकवणंही याच ट्रेमध्ये झालं.

जुनाखोड | मंगळवार, दुपारी २:४०

बसा आता. लांब लिहितो.

तुमचं नायट्रेट किती? ३ किलो ॲल्युमिनाला १.६५ किलो हेक्झाहायड्रेट, म्हणजे ५.६७ मोल. भाजताना दर मोलमागे दोन मोल नायट्रोजन डायऑक्साइड आणि अर्धा मोल ऑक्सिजन सुटतो. एकूण १४ मोलच्या वर वायू. ३०० अंशांना एक मोल ४७ लिटर जागा घेतो. म्हणजे साडेसहाशे लिटरहून जास्त तपकिरी वायू, तोही तास-दीड तासात, दोन ट्रेमधून. शिवाय ११० अंशांना सगळं स्फटिकजल जात नाही, त्याची वाफ वेगळी. हे सगळं तळापासून वर येताना ६ सेमी दांड्यांमधून वाट काढतं. तळच्या दांड्या वाफ, नायट्रोजन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनच्या कोंडलेल्या ढगात भाजल्या गेल्या. तुमच्या बशीत मात्र तो ढग कधी साचलाच नाही.

निकेल नायट्रेटला या ढगाचं वावडं आहे. सुटलेले वायू तिथेच रेंगाळले की विघटित होणारं मीठ सरकतं, गोळा होतं आणि मोठे कण तयार होतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात साधारण २००७ च्या सुमाराला हे फार सुंदर दाखवलं गेलं. तिथे हवेऐवजी हेलियममध्ये थोडा नायट्रिक ऑक्साइड मिसळून भाजलं. नायट्रिक ऑक्साइड ऑक्सिजन पकडून ठेवतो, विघटन सावकाश होतं आणि निकेल ऑक्साइडचे कण बारीकच राहतात. मीठ तेच, तापमान तेच, वातावरण फक्त वेगळं.

थराच्या जाडीचा हा खेळ झिओलाइटवाले (झिओलाइट म्हणजे सिलिका-ॲल्युमिनाची छिद्रमय स्फटिकी जाळी) १९६० च्या दशकापासून जाणतात. अमोनियम वाय झिओलाइट पातळ थरात भाजला तर एक पदार्थ मिळतो, खोल थरात भाजला तर दुसराच. केर नावाच्या संशोधकांनी तेव्हा हे लिहून ठेवलंय. खोल थरात वाफ कोंडते, ती वाफ ॲल्युमिनियमला जाळीतून बाहेर काढते आणि जाळी आकसते. एकक पेशीची बाजू २४.६५ अँगस्ट्रॉमच्या आसपासून २४.४ किंवा त्याखाली येते. गंमत म्हणजे तिथे हा अपघात वरदान ठरला. आकसलेली जाळी जास्त तग धरते. त्यालाच अल्ट्रास्टेबल वाय म्हणतात, आणि जगभरच्या रिफायनऱ्यांत जड तेल फोडणाऱ्या कॅटॅलिस्टचा तो कणा आहे.

माझी स्वतःची गोष्टही सांगून टाकतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी असाच एक झिओलाइट प्रयोगशाळेतून पायलटला नेला. कारखान्याचं नाव नको. कृतीच्या कागदावर लिहिलं होतं '५५० अंश, ६ तास', तेवढंच. प्रयोगशाळेत आम्ही थर १ सेमी ठेवायचो, कारण ट्रेच तेवढा होता. पायलटच्या ऑपरेटरने ट्रे काठोकाठ भरले, कारण काठोकाठ न भरायचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्लता निम्मी झाली. मी दोन महिने आयन-विनिमयावर संशय घेत बसलो, अमोनियम नायट्रेटचा पुरवठादारसुद्धा बदलायला लावला. शेवटी त्या ऑपरेटरनेच विचारलं, 'साहेब, वरचं आणि खालचं वेगळ्या रंगाचं का दिसतं?'

तेव्हा तुम्ही आधी हे करा. उरलेला माल ढवळू नका. ट्रेमध्येच असेल तर वरून, मधून, तळातून वेगवेगळे नमुने घ्या आणि तिघांची एक्सआरडी वेगळी काढा.

हिरवी_शाई | मंगळवार, दुपारी ३:१०

एक ट्रे मी पिंपात ओतून मिसळला. दुसरा अजून तसाच आहे!!

जुनाखोड | मंगळवार, दुपारी ३:१४

हात लावू नका त्याला.

रंगारी | मंगळवार, रात्री ८:५५

काकांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही, थोडं अवांतर. कृतीच्या कागदावर न लिहिलेल्या पायरीचं आमच्याकडचं उदाहरण.

मी मिथेनॉलच्या कॅटॅलिस्टवर काम करतो. तांबं, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिना. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने १९६६ मध्ये यावर कमी दाबाची प्रक्रिया सुरू केली, ५० ते १०० बारची. त्याआधी झिंक-क्रोम कॅटॅलिस्टवर ३०० बारच्या घरात आणि खूप जास्त तापमानाला काम चालायचं.

आमच्याकडे नायट्रेटांचं द्रावण आणि सोडियम कार्बोनेट एकाच वेळी थेंबथेंब भांड्यात सोडतात, ६५ अंशांच्या आसपास, पीएच सातजवळ धरून. निळा चिकट साका खाली बसतो. नवखा माणूस इथेच गाळायला घेतो, कारण साका पडला म्हणजे काम संपलं असं वाटतं. पण ढवळणं चालू ठेवून नुसती वाट बघायची असते. अर्धा तास काही म्हणजे काही होत नाही. मग पीएचचा काटा हळूच खाली वळतो आणि काही मिनिटांत निळा रंग हिरवटाकडे झुकतो. अस्ताव्यस्त साक्याची झिंकयुक्त मॅलाकाइट ही स्फटिकी जात झाली. तांबं आणि जस्त एकाच जाळीत शेजारी शेजारी बसले. पुढे भाजून आणि क्षपण करून तांब्याचे कण बारीक आणि सुटे राहतात ते या शेजारामुळे. रंग पालटायच्या आधी गाळलेली बॅच दिसायला तशीच असते, ताकद मात्र निराळी.

आमच्या जुन्या नोंदवहीत या पायरीला चारच शब्द होते: 'ढवळत ठेवावे, १ तास'. कशासाठी ते नाही. मग कोणीतरी वेळ वाचवायला त्याची २० मिनिटं केली.

पीएच_सात | मंगळवार, रात्री ९:३०

रंगारी, धुण्याचंही सांगा ना. सोडियम राहिलं तर तांबं लवकर गोळा होतं.

हिरवी_शाई, तुमच्याही ॲल्युमिनातलं सोडियम बघून ठेवा. बॉक्साइटच्या सोडियम ॲल्युमिनेटवरून बनवलेल्या बोहेमाइटमध्ये (ज्याला भाजून ॲल्युमिना करतात) थोडंफार सोडियम राहतं, अल्कॉक्साइडच्या वाटेने बनवलेला बराच शुद्ध असतो. दोन लॉटमध्ये फरक असू शकतो. लॉटचं सर्टिफिकेट मागवा.

रंगारी | मंगळवार, रात्री ९:४८

धुणं हा वेगळा धागा होईल. आमचा अर्धा दिवस त्यातच जातो.

अर्धवट_संशोधक | मंगळवार, रात्री १०:२०

सोडियम शाप आणि पोटॅशियम वरदान, असंही होतं हं. अमोनियाच्या लोखंडी कॅटॅलिस्टची कथा हीच. १९०९ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीत मिटाश आणि मंडळी हाताला लागेल तो लोहाचा नमुना तपासत होती. शुद्ध लोखंड फुसकं निघालं, पण स्वीडनच्या गॅलिव्हारे खाणीतलं मॅग्नेटाइट अनपेक्षित उत्तम चाललं. कारण त्यातली अशुद्धी. मग हजारो मिश्रणं तपासत ते ॲल्युमिना, पोटॅशियम आणि कॅल्शियम मिसळलेल्या वितळवलेल्या लोह ऑक्साइडवर पोचले. १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. आजचे लोखंडी कॅटॅलिस्ट अजून त्याच घराण्यातले.

तेव्हा दगडात काय आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं, इथे ट्रेमध्ये काय झालं ते.

फुकटसल्ला | बुधवार, सकाळी ९:१२

आता जरा गंभीर सल्ला. ॲल्युमिनाचा नाद सोडा, एमओएफ (धातू आणि सेंद्रिय दुव्यांची छिद्रमय जाळी) घ्या. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना त्यावरच मिळालं. ग्रॅममागे हजारो चौरस मीटर सरफेस एरिया, सगळी छिद्रं एका मापाची, धातूचे अणू ओळीने बसवलेले. कुठे ती गाळासारखी ॲल्युमिना आणि कुठे हे शिल्प.

अर्धवट_संशोधक | बुधवार, सकाळी ९:५०

शिल्प आहेच, वाद नाही. पण शिल्प भट्टीत घालत नाहीत. मिथेनेशनमध्ये प्रत्येक मोलमागे १६५ किलोज्यूल उष्णता निघते. थरात कुठेतरी ५०० अंशांच्या वर ठिकाण तापतंच, आणि अभिक्रियेतून पाणीही निघतं, म्हणजे तापलेली वाफ. बहुतेक एमओएफमधले सेंद्रिय दुवे त्या तापमानाच्या कितीतरी आधी मोडतात. १९९९ चा प्रसिद्ध एमओएफ-५ तर साध्या दमट हवेतसुद्धा ढासळतो. वायू शोषून घ्यायला, वेगळे करायला, हवेतलं पाणी पकडायला ते अप्रतिम आहेत. तिथे तुमचा सल्ला मी डोक्यावर घेईन.

आणि गोळ्या कशा करणार? पावडर दाबली की छिद्रं चिरडतात. बाइंडर घातला की छिद्रांची तोंडं बुजतात. सरफेस एरियाचे मोठे आकडे बहुधा मोकळ्या पावडरीचे असतात.

जुनाखोड | बुधवार, सकाळी १०:३०

गाळासारखी ॲल्युमिना म्हणू नका हो. त्या गाळाची दांडी करणं हे आयुष्यभराचं काम आहे. बोहेमाइटची पावडर, थोडं नायट्रिक आम्ल आणि पाणी मळायचं. आम्लाने कण सुटे होऊन एकमेकांना धरतात. पाणी दोन टक्के कमी पडलं तर डायमधून (साच्यातून) भुगा येतो, जास्त झालं तर दांडी कापल्यावर लोळते. बरोबर जमलेला गोळा मुठीत दाबला की बोटांचे ठसे उमटतात आणि हाताला चिकटत नाही. आम्ल वाढवलं की दांडी दगडासारखी मजबूत होते, पण मोठी छिद्रं नाहीशी होतात. मजबुती की मोकळीक, हा तराजू रोज हातात धरावा लागतो.

मग ६०० अंशांच्या आत भाजलं की गॅमा, ग्रॅमला १५० ते ३०० चौरस मीटर. ११०० च्या वर नेलं की अल्फा, आणि सरफेस एरिया एक आकडी. त्या अल्फाला हिणवू नका. इथिलीन ऑक्साइडचे चांदीवाले मुद्दाम अल्फा घेतात, कारण त्यांना जास्त पृष्ठभाग नकोच असतो. तयार झालेलं उत्पादन छिद्रात रेंगाळलं तर पुढे जळून जातं.

फुकटसल्ला | बुधवार, सकाळी १०:४१

गाळ शब्द मागे घेतला.

हिरवी_शाई | शुक्रवार, संध्याकाळी ६:१५

निकाल आले!

दुसऱ्या ट्रेचा थर पत्र्याच्या पट्टीने कापला. कापतानाच दिसलं. वरच्या बोटभर दांड्या राखाडी, खाली जावं तसतशा काळसर, आणि तळाच्या पत्र्याला टेकलेल्या जवळपास काळ्या. एक्सआरडी: वर ९ नॅनोमीटर, मध्ये १७, तळाला २५.

वरच्या थराची सक्रियता छोट्या बॅचच्या ९० टक्के. म्हणजे माझ्याच ट्रेमध्ये एक चांगला कॅटॅलिस्ट एका वाईट कॅटॅलिस्टच्या डोक्यावर बसला होता आणि मी दोघांची सरासरी मोजत होते.

काका, दंडवत. आता पुढे काय? फिरती भट्टी आमच्याकडे नाही.

जुनाखोड | शुक्रवार, संध्याकाळी ७:००

फिरती भट्टी नसेल तर जाळीचे ट्रे घ्या, थर दीड-दोन सेमीच्या वर नको, आणि हवा थराच्या वरून नव्हे, थरातून जाऊ द्या. २०० ते ३५० अंशांच्या पट्ट्यात वेग मिनिटाला अर्ध्या अंशावर आणा. बाकी प्रोग्रॅम कितीही घाईचा चालेल. धुराड्याच्या वाटेवर कॉस्टिक सोड्याने वायू धुणारा स्क्रबर असू द्या, तो तपकिरी धूर कुणाच्या फुप्फुसात जाता कामा नये.

सुकवणंही त्याच जाळीवर. हेक्झाहायड्रेट ५६-५७ अंशांना स्वतःच्याच पाण्यात वितळतं हे विसरू नका. तुमच्या ११० अंशांच्या ओव्हनमध्ये ते दांडीत द्रवरूपच असतं आणि वाट दिसेल तिकडे सरकतं.

पीएच_सात | शुक्रवार, संध्याकाळी ७:३५

भाजणं पूर्ण वगळून, सुकलेलं नायट्रेट थेट हायड्रोजनमध्ये क्षपण केलं तर? कण आणखी बारीक मिळतात असं वाचलंय, आणि माझ्या २ ग्रॅमच्या नमुन्यांत मिळालेही.

जुनाखोड | शुक्रवार, रात्री ८:१०

मिळतात. पण ३ किलोवर करू नका. नायट्रेट आणि हायड्रोजन एकत्र म्हणजे उष्णतेचा भडका, आणि त्यातून अमोनिया सुटतो तो वेगळाच. २ ग्रॅमला ती उष्णता नळीच्या भिंती खाऊन टाकतात. ३ किलोला खाणारं कुणी नसतं.

सायट्रिक आम्ल घालायचा विचारही कुणाच्या मनात येईल म्हणून आधीच सांगतो. द्रावण घट्ट होतं, सुकताना निकेल जागचं हलत नाही, कण बारीक मिळतात, सगळं खरं. पण नायट्रेटसोबत सायट्रेट म्हणजे एकाच भांड्यात इंधन आणि ऑक्सिडायझर. पातळ थरात ते भुरभुर जळतं, खोल ट्रेमध्ये पेट घेतं. करायचंच तर निकेलचं नायट्रेट न घेता सायट्रेटच घ्या.

बाष्प | शुक्रवार, रात्री ९:२५

सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर माझेही दोन शब्द. निकेलची धूळ आणि क्षार दोन्ही कर्करोगकारक आहेत, चाळणी मारताना मास्क हवाच. क्षपण झालेला कॅटॅलिस्ट हवेत काढला की पेटू शकतो. बाहेर काढायच्या आधी नायट्रोजनमध्ये १ टक्का ऑक्सिजन सोडून सावकाश थंडगार पॅसिव्हेट करा (वर ऑक्साइडची पातळ साय धरू द्या), तापमान उसळलं तर ऑक्सिजन लगेच तोडा.

आणि पायलटवर सर्वात महत्त्वाचं: निकेलचा थर २०० अंशांच्या खाली असताना त्यावर कार्बन मोनॉक्साइड येऊ देऊ नका. निकेल कार्बोनिल तयार होतं आणि ते भयंकर विषारी असतं. बंद करताना आधी वायू बदला, मग थंड करा. हा क्रम फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

हिरवी_शाई | पुढचा गुरुवार, रात्री ८:३०

अपडेट.

जाळीचे ट्रे करून घेतले, थर २ सेमी, खालून हवा. एकूण सहा फेऱ्या भाजायला लागल्या, वैताग आला. पण वर ८, तळाला १० नॅनोमीटर. कुटलेल्या नमुन्याची सक्रियता छोट्या बॅचच्या ९५ टक्के.

मग अंगात आलं म्हणून अख्ख्या दांड्या, न कुटता, मोजल्या. त्याच तापमानाला ५५ टक्के.

फुकटसल्ला | पुढचा गुरुवार, रात्री ८:३८

आता 'दांडीत वायू शिरत नसेल' म्हणायची परवानगी आहे का?

हिरवी_शाई | पुढचा गुरुवार, रात्री ८:४०

आहे. :(

अर्धवट_संशोधक | पुढचा गुरुवार, रात्री ९:३०

कुटल्यावर वेग वाढतो म्हणजे विसरण (वायूचं छिद्रांतून आत पसरणं) आड येतंय, एवढं नक्की. पण दोन शक्यता वेगळ्या करा. एक दांडी आडवी मोडा आणि भिंगाखाली तोंड बघा. कडेला गडद कडं आणि मध्ये फिकट असेल तर सुकताना निकेल बाहेर आलंय. पाणी जिथून उडतं तिकडे द्रावण खेचलं जातं, आणि मिठाचं विसरण त्याला परत आत ओढतं. कोण जिंकतं ते सुकवण्याच्या वेगावर.

सगळीकडे सारखा रंग असेल तर वाटप ठीक आहे, दांडीच जाड पडतेय. मग मधलं निकेल फुकट बसलंय. अशा वेळी अंड्याच्या कवचासारखं फक्त बाहेरच निकेल बसवणं शहाणपणाचं, किंवा तीन पाकळ्यांच्या दांड्या घ्यायच्या. जाडी तेवढीच वाटते पण मध्यापर्यंतचं अंतर घटतं, आणि रिॲक्टरमधला दाबाचा घसाराही फार वाढत नाही.

रंगारी | पुढचा गुरुवार, रात्री ९:४४

मोडताना चिमट्याने मोडा, ब्लेडने कापू नका. ब्लेड काळं मध्यावर फासतं आणि मग सगळीच दांडी गडद दिसते. माझा एक अख्खा अहवाल असा वाया गेला होता.

हिरवी_शाई | पुढचा शुक्रवार, दुपारी १२:०५

वीस दांड्या मोडल्या, चिमट्याने. अठरांत रंग कडेपासून मध्यापर्यंत सारखा. दोन दांड्यांत कडं दिसलं, पण त्या दोन्ही ट्रेच्या कोपऱ्यातल्या होत्या.

म्हणजे दांडीच जाड आहे. तीन पाकळ्यांची १.२ मिमीची डाय मागवलीय. आली की मळण्यापासून सुरुवात. काका, पाण्याचं प्रमाण तेव्हा विचारेन, तयार राहा.

आणि एक विचारायचं राहिलं. तळाचा तो काळा माल दीडेक किलो पडून आहे. टाकून देऊ?

जुनाखोड | पुढचा शुक्रवार, दुपारी १:२०

निकेल आहे, कचऱ्यात जाणार नाही. धातू परत काढणाऱ्यांकडेच पाठवा. पण शंभर ग्रॅम बाटलीत ठेवा आणि चिठ्ठीवर फक्त बॅच नंबर नको, 'तळ, ६ सेमी, हवा बंद' असं लिहा. माझी त्या झिओलाइटची बाटली अजून कपाटात आहे. चिठ्ठीवर 'काठोकाठ' लिहिलंय, ऑपरेटरच्या अक्षरात.